मुदत प्रवासाला की बुकिंगला? कार्डावरचे वर्षाचे फायदे संपण्याआधी

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात चार क्रेडिट कार्डं आहेत. पहिलं प्रवासाचं कार्ड, वार्षिक फी ५,००० रुपये अधिक जीएसटी. त्याचं वर्ष १४ मार्चला संपतं आणि ४ लाखांच्या खर्चाचा टप्पा गाठायला ५२,००० रुपये कमी पडतायत. टप्पा गाठला तर एका मोठ्या हॉटेल साखळीचं १०,००० रुपयांचं व्हाउचर मिळेल. दुसरं एचडीएफसीचं मॅरियट बॉनव्हॉय कार्ड, त्यावर मिळालेली मॅरियट साखळीच्या हॉटेलातली एक मोफत रात्र ११ एप्रिलला बाद होते. तिसरं एचडीएफसीचंच रिगालिया गोल्ड कार्ड, त्यातल्या २१,००० पॉइंटांची मुदत मार्चअखेर. चौथं आयसीआयसीआयचं कार्ड विमानतळावरच्या लाउंजसाठी ठेवलंय, पण या तिमाहीत ते बाहेरच काढलेलं नाही. मुलांच्या परीक्षा एप्रिल संपेपर्यंत चालणार आणि हिमाचलची सहल मे महिन्यात ठरते आहे. "हे सगळं वाया जाऊ नये म्हणून मार्चमध्येच कुठेतरी जाऊन यावं का?" प्रश्न फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला आहे, म्हणजे पहिल्या मुदतीला तीन आठवडे आहेत.

मार्चमध्ये वेगळी सहल काढू नका. चौघांचा विमानप्रवास आणि दोन रात्रींचं हॉटेल यांचा खर्च या सगळ्या फायद्यांच्या बेरजेपेक्षा जास्त होईल, आणि त्यातले निम्मे फायदे त्या सहलीत वापरताही येणार नाहीत. तुमची खरी अडचण वेगळी आहे. चारही कार्डांवर "मुदत" हा एकच शब्द छापलेला असला, तरी त्या तारखेपर्यंत नेमकं काय पूर्ण व्हायला हवं हे प्रत्येक ठिकाणी निराळं आहे. कुठे खर्च खात्यात नोंदला जायला हवा, कुठे नुसतं बुकिंग पुरतं, कुठे प्रत्यक्ष मुक्काम करून बाहेर पडायला लागतं. एवढं वेगळं केलं की तुमच्या चारपैकी फक्त एकाच फायद्यासाठी घराबाहेर पडावं लागतं, तेही एका रात्रीपुरतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. बँका या अटी वर्षातून दोनदासुद्धा बदलतात, आणि एकाच बँकेच्या दोन कार्डांवर नियम वेगळे असतात. खाली जिथे आकडा दिलाय, तिथे तुमच्या ॲपमधलं आजचं अटींचं पान एकदा उघडून बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवून द्या. पुढे वाद झालाच तर तोच कामाला येतो.

सर्वात जवळची तारीख १४ मार्च, म्हणून टप्प्यापासून सुरुवात करू. ५२,००० रुपये खर्च करावेत का, हा नंतरचा प्रश्न. आधी ते १०,००० रुपयांचं व्हाउचर तुमच्यासाठी किती किमतीचं आहे ते ठरवा. समजा जाताना चंदीगडला एक रात्र थांबायचं आहे. एरवी तुम्ही ४,५०० रुपयांची खोली घेतली असती, तर ५ टक्के जीएसटी धरून ४,७२५ रुपये गेले असते. व्हाउचर ज्या साखळीचं आहे तिथली खोली १२,००० रुपयांना असेल, तर ७,५०० रुपयांच्या वरच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, बिल १४,१६० रुपये होतं. त्यातून १०,००० वजा केले तरी ४,१६० रुपये खिशातून जातात. म्हणजे तुमचे वाचले ५६५ रुपये, आणि एक रात्र जास्त चांगल्या खोलीत गेली. नाश्ता, गाडी आणि दुसऱ्या खोलीचा खर्च अजून धरलेला नाही. चौघांना दोन खोल्या लागणार असतील तर हिशेब उलटाच होतो. याउलट तुम्ही नाहीतरी त्याच दर्जाच्या हॉटेलात उतरणार असाल, तर मात्र त्या व्हाउचरची किंमत पूर्ण दहा हजार आहे. हा हिशेब तुमच्या राहण्याच्या सवयीवर ठरतो, दुसऱ्या कुणाच्या "मी दहा हजार कमावले" या सांगण्यावर नाही.

आता ते ५२,०००. हा खर्च पुढच्या दोन-तीन महिन्यांत होणारच असेल आणि फक्त अलीकडे ओढायचा असेल, तर टप्पा जरूर गाठा. हिमाचलच्या हॉटेलांचे आगाऊ पैसे, गाडीवाल्याची आगाऊ रक्कम (तो कार्ड घेत असेल तर), आरोग्य विम्याचा हप्ता, पुढच्या वर्षाची शाळेची फी अशा गोष्टी त्यात बसू शकतात. "बसू शकतात" असं म्हणतोय, कारण टप्प्याच्या खर्चातून बऱ्याच गोष्टी वगळलेल्या असतात. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, रोख रक्कम आणि ईएमआयमध्ये बदललेली खरेदी बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. विमा, वीजबिल, सरकारी भरणा हे काही कार्डांवर चालतात, काहींवर नाही. पैसे कशासाठी दिले हे बँकेला तुमच्या सांगण्यावरून कळत नाही. दुकानदाराच्या मशीनला किंवा त्याच्या ऑनलाइन पेमेंटच्या गेटवेला दिलेल्या चार आकडी वर्गाच्या कोडवरून ते ठरतं. म्हणून एखाद्या हॉटेलची आगाऊ रक्कम त्यांनी वैयक्तिक पेमेंट ॲपच्या लिंकवर घेतली, तर ती हॉटेलचा खर्च म्हणून नोंदली जाईलच असं नाही. शाळेची फी भरताना शाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा ऑफिसातल्या मशीनवर भरा. मधल्या ॲपवरून भरली की अनेक बँका १ टक्का वेगळं शुल्क लावतात.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त गफलत होते ती तारखेची. १४ मार्चच्या रात्री कार्ड वापरलं म्हणजे तो खर्च १४ मार्चचा झाला, असं प्रत्येक बँक मानत नाही. कार्ड वापरल्यावर आधी फक्त रक्कम अडवली जाते. व्यापाऱ्याकडून व्यवहार पक्का होऊन खात्यात नोंदला जायला एक ते तीन दिवस लागतात, मधे सुट्ट्या आल्या तर आणखी. काही बँका व्यवहाराची तारीख धरतात, काही नोंदणीची. त्यामुळे ७ मार्चला शेवटचा मोठा खर्च होईल असा बेत करा आणि त्यात दोन-तीन हजार जास्तीचे ठेवा. परतावा आला की तो टप्प्यातून वजा होतो. नऊशे रुपयांचा एक शर्ट परत केल्यामुळे टप्पा हुकलेला पाहिला की फार वाईट वाटतं. पत्नीच्या ॲड-ऑन (तुमच्याच खात्याला जोडलेल्या) कार्डावरचा खर्च सहसा तुमच्याच टप्प्यात मोजतात, तेव्हा घरातला मोठा किराणाही तिकडे वळवता येईल.

आणि एक अट माझ्याकडून. पुढच्या ड्यू डेटला पूर्ण बिल भरणं जमणार नसेल, तर टप्पा सोडून द्या. थकबाकीवर महिन्याला ३.७५ टक्के व्याज धरलं, तर ५२,००० वर एका महिन्याचे १,९५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३०१ रुपये. शिवाय बिल अर्धवट भरलं की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं. दोन महिन्यांत व्हाउचरचा निम्मा भाग तिकडेच जाईल.

हेही लक्षात असू द्या की टप्पा गाठला म्हणजे दुसऱ्या दिवशी व्हाउचर हातात पडत नाही. काही आठवडे जातात, कधी दोन महिनेही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघणार असाल तर या व्हाउचरवर चंदीगडचं बुकिंग टांगून ठेवू नका. त्याची स्वतःची वेगळी मुदत असते आणि ती ते दिल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत ते वापरायला मिळण्याची शक्यता चांगली आहे.

मोफत रात्रीची गोष्ट मात्र निराळी. इथे ११ एप्रिलच्या आत बुकिंग करून भागत नाही, मुक्कामच पूर्ण व्हायला हवा. मेची तारीख आत्ता बुक करायला गेलात तर साइट ती रात्र त्या बुकिंगला लावूच देणार नाही. या कार्डाची फी ३,००० अधिक जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. आणि त्याचा मुख्य मोबदला ही एक रात्रच आहे, म्हणून तिच्यासाठी थोडी खटपट करणं योग्य आहे.

ती अशी. मॅरियटच्या ॲपमध्ये स्वतःच्या सदस्य खात्याने आत शिरा. खात्यात मोफत रात्र आणि तिची शेवटची तारीख दिसतेय ना ते आधी बघा. शोधताना पॉइंट वापरण्याचा पर्याय चालू करा, म्हणजे दर रुपयांऐवजी पॉइंटांत दिसतील. तुमची रात्र १५,००० पॉइंटांपर्यंतच्या खोलीला चालते. हे दर ठरलेले नसतात, तारखेप्रमाणे हलतात. एकच हॉटेल शनिवारी १७,००० आणि रविवारी १३,००० दाखवू शकतं. एकेक तारीख टाकून बसण्यापेक्षा महिन्याचं कॅलेंडर उघडा आणि १५,००० च्या आतले दिवस लिहून काढा. तुम्हाला नाशिकमधलंच मॅरियटचं कोर्टयार्ड हॉटेल आहे, महाबळेश्वरलाही आहे. पुणे-मुंबईत तर पर्याय भरपूर. मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या सुरुवातीला कुणाचं लग्न असेल, मुंबईत पहाटेचं काम असेल, पुण्यात कुणाला भेटायचं असेल, तर त्या रात्रीला हे लावा. जी रात्र नाहीतरी पैसे देऊन काढली असती तीच सर्वात मोलाची. असं काहीच नसेल, तर परीक्षेआधीचा एखादा रविवार आणि सोमवारची सुट्टी जुळते का पाहा. शनिवारपेक्षा रविवारी रात्री खोली मिळण्याची शक्यता जास्त असते.

बुकिंगच्या शेवटच्या पानावर "मोफत रात्र वापरली" असं दिसतंय का, ते नीट वाचा. पुष्कळदा लोकांच्या खात्यात साठलेले पॉइंटच कापले जातात आणि मोफत रात्र तशीच पडून राहते. माणसांची संख्या खरी टाका. दोन मोठे आणि दोन मुलं एका खोलीत चालतील का, जादा गादीचे किती, नाश्ता धरलाय का, हे हॉटेलला फोन करून विचारा. बहुतेक वेळा नाश्ता वेगळाच असतो. आणि तारीख १० एप्रिलला नेऊन ठेवू नका. मूल आजारी पडलं आणि बुकिंग रद्द करावं लागलं, तर ती रात्र खात्यात परत येते खरी, पण जुन्याच मुदतीसह. मार्चच्या मध्याची तारीख घेतली तर दुसरी संधी हातात राहते. मुदत वाढवून मिळेल का, असं ग्राहक सेवेला विचारायला हरकत नाही; पण ते त्यांच्या मर्जीवर असतं, त्या भरवशावर बेत आखू नये.

रिगालिया गोल्डच्या पॉइंटांबाबत तुम्ही निवांत असायला हवं, कारण इथे मुदत पॉइंट खर्च करण्याची आहे, प्रवासाची नाही. मे महिन्याची तिकिटं मार्चमध्ये काढली की काम झालं. या कार्डाच्या पॉइंटाची किंमत तो कुठे वापरता यावर ठरते. बँकेच्या स्मार्टबाय पानावर विमान किंवा हॉटेलसाठी एक पॉइंट ५० पैसे, आणि बिलात रोख वळते करून घेतले तर २० पैसे. २१,००० पॉइंटांचे एकीकडे १०,५०० रुपये आणि दुसरीकडे ४,२००. मार्चच्या शेवटच्या दिवशी घाईने बिलात वळते करून घेणारे ६,३०० रुपये सोडून देत असतात.

स्मार्टबायवर जाण्याआधी तेच विमान, तीच तारीख, तेवढंच सामान असं धरून विमान कंपनीच्या साइटवरचं भाडं पाहून ठेवा. चौघांचं मुंबई ते चंदीगड तिकीट स्मार्टबायवर सगळं मिळून १,२०० रुपयांनी महाग पडत असेल, तर तुमच्या १०,५०० चे खरे ९,३०० झाले. तरीही ते ४,२०० पेक्षा चांगलेच, पण हिशेब माहीत असावा. सगळं भाडं पॉइंटांत भागत नाही, काही भाग त्याच कार्डाने भरावा लागतो. म्हणून विमानाच्या तिकिटाची ती उरलेली रक्कम पहिल्या कार्डाच्या ५२,००० मध्ये धरू नका. नावं आधार कार्डावर आहेत तशीच टाका. तिकीट असं काढलं की बदल आणि रद्द करणं विमान कंपनीच्या काउंटरवर होत नाही, तिकीट जिथून काढलं तिथूनच करावं लागतं आणि विमान कंपनी व स्मार्टबाय या दोघांचंही शुल्क लागू शकतं.

इथला मोठा धोका रद्द करण्याचा आहे. एप्रिलमध्ये तिकीट रद्द केलं आणि पॉइंट परत आले, तर त्यांना जुनीच मुदत लागते. ते येतात आणि लगेच बाद होतात. त्यामुळे शाळेचं परीक्षेचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय तारीख पक्की करू नका, आणि परीक्षेचा शेवटचा दिवस व निघण्याचा दिवस यांत दोन-तीन दिवसांची फट ठेवा. वेळापत्रक मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतही आलं नाही, तर तिकिटाऐवजी परतीच्या वाटेवरची हॉटेलची रात्र पॉइंटांवर घ्या. तिची तारीख थोडी मागेपुढे झाली तर नुकसान कमी.

पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात पाठवणं हा तिसरा मार्ग. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर खात्यात गेलेले माइल (म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट) ३६ महिने टिकतात, म्हणजे मार्चअखेरची मुदत तीन वर्षं पुढे जाते. पण एकदा पाठवले की ते परत येत नाहीत, दोन्हीकडची नावं अक्षरशः जुळायला लागतात आणि पोचायला काही दिवस लागू शकतात. एवढ्या थोड्या माइलांत चौघांचा प्रवास होत नाही. तिकडच्या खात्यात आधीच काही साठलेलं असेल तरच हा मार्ग धरा. नुसती मुदत वाढवायची म्हणून पाठवलेले पॉइंट पुढे तीन वर्षं विसरले जातात, हे मी सतत पाहतो.

लाउंजबद्दल थोडक्यात. जानेवारी ते मार्च या तिमाहीतल्या न वापरलेल्या भेटी पुढे जात नाहीत. जाऊ द्या. लाउंजसाठी विमानतळावर जाता येत नाही आणि त्यासाठी विमान पकडणं हा निव्वळ तोटा आहे. तुम्ही मेचा विचार करा. आयसीआयसीआयने एप्रिल २०२४ पासून बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्चाची अट घातली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती ७५,००० केली. म्हणजे मेमध्ये लाउंज हवा असेल तर खर्च ३१ मार्चच्या आत व्हायला हवा. तुमचं ते कार्ड तर बंदच पडून आहे. दोघांच्या लाउंजसाठी, म्हणजे विमानतळावरच्या हजार-दीड हजारांच्या खाण्यासाठी, ७५,००० रुपये तिकडे वळवले तर पहिल्या कार्डाचा टप्पा हातचा जाईल. तसं करू नका. त्यात तुमच्या रिगालिया गोल्ड आणि मॅरियट कार्डांवर भारतातल्या लाउंजच्या वर्षाला प्रत्येकी १२ भेटी सुरुवातीच्या अटींत दिलेल्या आहेत. आज त्या किती शिल्लक आहेत आणि त्यांना काही नवी अट लागलीय का, एवढं ॲपमध्ये पाहून घ्या. आत जाताना मशीनवर दोन रुपयांच्या आसपास रक्कम कापली जाते, म्हणून कार्डावर दुकानातले व्यवहार चालू ठेवलेले असायला हवेत. ते बंद असल्यामुळे दारातून परत फिरणारे रोज दिसतात. भारतात कार्डच दाखवा, प्रायॉरिटी पास (कार्डासोबत मिळणारा लाउंजचा वेगळा पास) नको. बऱ्याच बँकांचा तो पास परदेशातल्या लाउंजपुरता मोफत असतो, आणि तोच मुंबईत दाखवला की एचडीएफसीसारखी बँक माणशी २७ डॉलर अधिक जीएसटी लावते.

तर तुमचा क्रम असा राहील. या आठवड्यात मोफत रात्रीचं बुकिंग, मार्चच्या मध्याच्या आसपासचं. ७ मार्चपर्यंत ५२,००० चा खरा खर्च, पूर्ण बिल भरता येणार असेल तरच. वेळापत्रक हाती आलं की २५ मार्चच्या आत पॉइंटांवर तिकिटं. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांवर ढकलू नका. लाउंजसाठी काहीही करायचं नाही.

१५ मार्चनंतर पहिल्या कार्डाच्या पुढच्या स्टेटमेंटमध्ये नव्या वर्षाची फी येईल, ५,९०० रुपये. ती दिसल्यावर आधी फोन करून फी माफ होईल का किंवा काही पॉइंट मिळतील का, असं विचारा. ४ लाख खर्च करणाऱ्या ग्राहकाला पुष्कळदा काहीतरी मिळतं. मिळालं नाही आणि वरच्या हिशेबात व्हाउचरची किंमत तुमच्यासाठी पाचशे-सहाशेच निघाली असेल, तर हे कार्ड पुढच्या वर्षी ठेवण्याचं कारण उरत नाही. फक्त व्हाउचर हातात येण्याआधी आणि उरलेले पॉइंट वापरण्याआधी ते बंद करू नका, कारण बंद झालेल्या कार्डावर मागाहून काही जमा होत नाही. फी भरून वर्षाच्या मध्यात बंद केलं तर ती परत मिळेल असंही धरू नका. सगळी थकबाकी भरून बंद करण्याची विनंती केली की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेने सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. उशीर झाला तर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड म्हणून तुम्हाला द्यावा लागतो.

टप्पा वेळेत गाठूनही व्हाउचर आलं नाही, तर फोनवर समाधान मानू नका, ईमेलने लेखी तक्रार करा. सोबत वर्षभराच्या स्टेटमेंटमधली पात्र खर्चाची बेरीज आणि अटींच्या पानाचा तो स्क्रीनशॉट जोडा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. तिथे कोणता खर्च कोणत्या दिवशी झाला हे दाखवता यायला हवं, म्हणून ७ मार्चपर्यंतच्या प्रत्येक मोठ्या व्यवहाराची पावती जपून ठेवा.